सरदार या शब्दाची कुळकथा

‘सरदार’ हा फारसी जोडशब्द आहे. ‘सर’ म्हणजे डोके आणि ‘दार’ म्हणजे धरणारा, बाळगणारा. फारसीतले ‘सर’ आणि संस्कृतातले ‘शिरस्’ ही एकाच आजीची नातवंडे आहेत, आणि ‘दार’ची नाळ ‘धृ’ या धातूशी जुळते. हेच दोन धागे संस्कृतातही एकत्र आले, पण तिथे ‘शिरोधरा’ म्हणजे मान, डोके खरोखरच तोलून धरणारा अवयव. फारसीत मात्र त्या जोडीतून माणूस उभा राहिला. ज्याच्या हाती शीर्षस्थान आहे, जो पुढे चालतो आणि ज्याच्या मागून बाकीचे चालतात, तो सरदार.

शब्दात एवढेच आहे. घराणे, रक्त, पिढीजात मान यांपैकी कशाचीच खूण त्याच्या मूळ घडणीत नाही. मराठीत ‘सरदार घराणे’ म्हटले की चौसोपी वाडा, नगारखाना आणि भिंतीवरच्या तलवारी डोळ्यांपुढे येतात. हा सगळा संसार शब्दाने नंतर जमवला आहे.

फारसीतून मराठीत आलेल्या याच्या भावंडांशी त्याची तुलना केली तर फरक लगेच लक्षात येतो. नौबतीचा, म्हणजे पहाऱ्याच्या फौजेचा, प्रमुख तो सरनोबत. लष्कराचा तो सरलष्कर. कान्होजी आंग्रे यांच्या शिक्क्यामुळे ज्याला दर्याचा वास लागला तो सरखेल. सरसुभेदार, सरदेशमुख आणि अगदी आजचा सरपंच या सर्वांत माणूस कशाचा प्रमुख आहे ते शब्दातच सांगितलेले असते. ‘दार’ची रांगही अशीच आहे: फौजदार, किल्लेदार, सुभेदार, ठाणेदार. ज्याच्याकडे जे सोपवले त्याचे नाव पुढे आणि ‘दार’ मागे. ‘सरदार’ हा एकच असा की त्याने डोके धरले हे कळते, पण कशाचे, ते कळत नाही. या मोकळ्या जागेनेच शब्दाला एवढे आयुष्य दिले. ज्या काळाला जे हवे ते त्याने त्या जागेत भरले.

उत्तर हिंदुस्थानात बड्या लोकांसाठी दुसरे शब्द अधिक चलनात होते आणि त्यांची गंमत वेगळी आहे. अरबी ‘अमीर’ म्हणजे हुकूम देणारा. त्याचे अनेकवचन ‘उमरा’. मराठीने ते उचलले, त्याचा ‘उमराव’ केला आणि एकट्या माणसाला लावला. ‘नबाब’चेही तेच. मूळ ‘नाइब’, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने कारभार पाहणारा. त्याचे बहुवचन आदरार्थी वापरता वापरता एका माणसाला चिकटले आणि मुतालिकाचा मालक झाला. अंमलदाराचे नाव खानदानाला चिकटण्याची ही चाल जुनीच आहे. ‘सरदार’ त्याच वाटेने गेला, पण उशिरा, आणि त्या प्रवासाचा मोठा टप्पा पानिपतावर पडला.

पानिपतच्या तीन लढायांत या शब्दांची पाळी जणू ठरलेली होती. 1526 मध्ये बाबराबरोबर आलेले ते बेग, आणि इब्राहिम लोदीच्या बाजूचे ते अफगाण अमीर. 1556 मध्ये हेमूविरुद्ध अकबराच्या वतीने लढले ते खान. त्यातल्या बैरामखानाला ‘खानखानान’, म्हणजे खानांचा खान, हा किताब होता. 1761 ची लढाई सरदारांची, आणि तीही दोन्ही बाजूंच्या. अफगाण बादशहा अब्दालीच्या फौजेत सरदार जहानखान होता आणि मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांच्या छावणीत तर डावी-उजवी बगल सरदारांनीच भरली होती. दोन्ही गोटांत शब्द एकच होता, पण त्यामागची व्यवस्था एक नव्हती.

मराठी बाजूची व्यवस्था समजण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते. शिवाजी महाराजांच्या फौजेत माणसाची किंमत हुद्द्याने ठरे. सभासदाच्या बखरीत ती उतरंड दिली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांचा हजारी, त्यावर पंचहजारी आणि सर्वांवर सरनोबत. पगार रोख किंवा वरातीने, म्हणजे वसुलावरच्या चिठ्ठीने, मिळे, मुलूख तोडून दिला जात नसे. महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला तेव्हा फारसी पदनामांना संस्कृत पर्याय आले आणि सरनोबताचा सेनापती झाला. या रचनेत सैल अर्थाच्या ‘सरदारा’ला फारसा वाव नव्हता. कोणी सरदार म्हणवला गेला तरी ती त्याची मिरास नव्हती.

राजाराम महाराजांच्या काळात चित्र पालटले. औरंगजेबाची फौज मुलखात शिरलेली, खजिना रिकामा, राजा जिंजीला. अशा वेळी जो स्वतःच्या बळावर घोडी उभी करील त्याला मुलूख लिहून देण्याखेरीज मार्ग नव्हता. शाहू महाराज आणि बाळाजी विश्वनाथ यांनी पुढे त्यालाच रीत लावली. 1719 मध्ये चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा हाती आल्यावर वसुलाचे हक्क वाटून देणे सोयीचे झाले. यातून उभा राहिला तो सरंजाम. हाही फारसी शब्द. मूळ अर्थ तयारी, सिद्धता, सामग्री. ‘लग्नाचा सरंजाम’ म्हणताना मराठी माणूस आजही तोच अर्थ वापरतो. फौजेच्या तयारीसाठी दिलेला मुलूख तो सरंजाम आणि तो खाऊन फौज बाळगणारा तो सरदार. ‘सरदार’मधली मोकळी जागा पहिल्यांदा भरली ती अशी, घोड्यांनी.

सरदाराला मिळालेल्या सरंजामाचे दोन भाग असत. एक ‘जात’, म्हणजे त्याच्या स्वतःच्या इतमामासाठी, आणि दुसरा फौजेच्या खर्चासाठी. किती घोडी, किती माणूस, कशावर किती खर्च याचा तैनात जाबता ठरलेला असे, आणि गणतीच्या वेळी घोडी मोजून घेतली जात. मोजणीत कमी भरली तर वजावट. सरदाराच्या दौलतीत दिवाण, मुजुमदार, फडणीस असे दरकदार पेशव्यांकडून नेमून येत आणि त्यांनी हिशेबावर नजर ठेवायची, असा बेत होता. बेत कागदावर चांगला होता. पुणे आणि माळवा यांत शेकडो कोसांचे अंतर पडल्यावर तो किती चालायचा हे सांगायला नको.

सरदाराच्या हाताखाली दोन तऱ्हेचे स्वार असत. बारगिराला घोडा आणि हत्यार धन्याच्या पागेतून मिळे. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, हत्यार स्वतःचे. मूळ अरबी ‘सिलाह’ म्हणजे शस्त्र, त्यावरून शिलेदार. बारगिराचा घोडा पडला तर पागेचे नुकसान, पण शिलेदाराचा पडला तर त्याचा चरितार्थच पडला. दुसऱ्या दिवसापासून तो पायउतार. म्हणून शिलेदारांचा सरदार घोडी जपणारे युद्ध पत्करी: झडप घालायची, रसद मारायची, अंगाशी आले तर निघून जायचे. याला भ्याडपणा म्हणणाऱ्यांनी घोड्याचा हिशेब केलेला नसतो.

आणि हे सरदार आले तरी कुठून? मल्हारराव होळकर हे होळ गावच्या धनगर घरातले, मामाच्या आश्रयाने वाढलेले. राणोजी शिंदे कण्हेरखेडच्या पाटील घराण्यातले. बाजीरावांचे जोडे छातीशी धरून झोपी गेल्याची त्यांची गोष्ट माल्कमपासून सगळ्यांनी सांगितली आहे. ती खरी असो वा नसो, सांगणाऱ्यांना तिच्यात काही वावगे वाटले नाही हे महत्त्वाचे. 1730 नंतर माळव्याची वाटणी झाली, तीत शिंदे, होळकर, पवार यांचे सरंजाम बसले. पेशव्यांच्या पत्रव्यवहारात ‘उभयता सरदार’ एवढेच लिहिले तरी शिंदे आणि होळकर असा अर्थ होऊ लागला. एका पिढीत कर्तबगारीने मिळवलेले दुसऱ्या पिढीला वारशाने मिळाले. राणोजींनंतर जयाप्पा, दत्ताजी आणि मग जयाप्पांचा मुलगा जनकोजी. सरदारी घरात राहू लागली आणि ‘सरदार’ला ‘घराणे’ हा शब्द येऊन चिकटला.

10 जानेवारी 1760 रोजी यमुनेवरच्या बुराडी घाटात दत्ताजी शिंदे पडले, आणि त्याच वर्षी सदाशिवरावभाऊ उत्तरेत निघाले. बरोबर पेशव्यांची खासगी फौज, हुजुरात. तीत पेशव्यांचे चिरंजीव विश्वासराव, आणि भोवती सरदारांच्या आपापल्या फौजा: जनकोजी शिंदे, मल्हारराव होळकर, दमाजी गायकवाड, विठ्ठल शिवदेव विंचूरकर, यशवंतराव पवार, समशेर बहादूर, अंताजी माणकेश्वर. प्रत्येकाचा गोट वेगळा, बाजार वेगळा, निशाण वेगळे, सावकार वेगळा. बाहेरून पाहणाऱ्याला ती एक फौज दिसे. आतून ती दहा-बारा दौलतींची वस्ती होती.

या वस्तीत एक माणूस दुसऱ्याच जातकुळीचा होता. इब्राहिमखान गारदी. त्याच्याकडे तोफा आणि कवायती पायदळ. त्याच्या शिपायांना मुलूख नव्हता, घोडी नव्हती, महिन्याला रोख पगार होता. बुसी या फ्रेंच सेनानीच्या पद्धतीने तयार झालेले हे पायदळ एका जागी पाय रोवून लढणारे. त्याला आघाडीची रेष लागते आणि ती रेष मोडून चालत नाही. होळकरांचा सल्ला जुन्या गनिमी काव्याचा होता, भाऊंचा भरवसा गारद्यांवर. हा वाद दोन स्वभावांचा म्हणून रंगवला जातो. त्याच्या बुडाशी दोन तऱ्हेचे पगार होते. सरंजामावर जगणाऱ्याला घोडा वाचवायचा असतो, रोख पगारावर जगणाऱ्याला जागा राखायची असते.

कुंजपुरा ऑक्टोबर 1760 मध्ये मराठ्यांच्या हाती आले, पण अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून दक्षिणेची वाट अडवून बसला. पानिपत गावाला टेकून खंदक खणले गेले आणि अडीच महिने दोन्ही फौजा एकमेकींसमोर बसून राहिल्या. डिसेंबरमध्ये बळवंतराव मेहेंदळे पडले. दोआबातून रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि छावणीत दाणावैरण तुटली. घोडी उपाशी मरू लागली. सरदाराची सरदारी ज्यावर मोजली जायची ती गणतीच डोळ्यांदेखत घटत होती.

14 जानेवारी 1761, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. डाव्या बगलेला इब्राहिमखानाचे गारदी, त्यांना लागून गायकवाड आणि विंचूरकर, मध्यभागी हुजुरात, उजवीकडे शिंदे आणि शेवटी होळकर. गारद्यांनी समोरच्या, अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांना मागे रेटले. त्यांच्या शेजारच्या स्वारांनी मात्र तोफांची ओळ सोडून पुढे झेप घेतली आणि ठरलेली रचना विसकटली. दुपारनंतर विश्वासराव गोळी लागून पडले आणि फौजेचा धीर सुटला. संध्याकाळपर्यंत यशवंतराव पवार, तुकोजी शिंदे रणात पडले होते. जनकोजी आणि इब्राहिमखान पकडले जाऊन नंतर मारले गेले. समशेर बहादूर जखमी होऊन निसटले, पण वाचले नाहीत. मल्हारराव, दमाजी आणि विंचूरकर परत आले.

नानासाहेब पेशव्यांना ही बातमी भेलशाजवळ कळली ती सावकारी पत्रातून. सावकाराने मजकूर नाण्यांच्या सांकेतिक भाषेत लिहिला होता. भाऊ आणि विश्वासराव हे दोन मोती, सरदार म्हणजे सोन्याच्या मोहरा, आणि बाकीची माणसे रुपये व खुर्दा, ज्यांची मोजदाद होत नव्हती. सत्तावीस मोहरा गेल्याचे त्यात होते. सरदार म्हणजे काय याची त्या काळची व्याख्या याहून नेमकी कुठे मिळणार नाही. मोत्याची किंमत वेगळीच आणि खुर्दा कोणी मोजत नाही. मोहरा मात्र एकेक करून मोजल्या जातात, कारण प्रत्येक मोहरेमागे एक मुलूख, काही हजार घोडी आणि कर्जाचे खाते असते.

पानिपतनंतर सरदारीचे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदताना दिसतात. एकीकडे वारसा. पडलेल्या सरदाराचा सरंजाम त्याच्या मुलाच्या, भावाच्या नावे नजराणा घेऊन चालू करायचा, मग तो मुलगा पाळण्यात का असेना. शिंद्यांच्या दौलतीचा वारस कोण यावर काही वर्षे घोळ चालला आणि शेवटी ती महादजींकडे आली. दुसरीकडे जुना अर्थ, राणेखानाच्या रूपाने. महादजी पायाला जबर जखम होऊन रणातून पळत असताना त्यांना एका भिस्त्याने आपल्या बैलावर घालून दक्षिणेकडे आणले. पाणी वाहणारा माणूस. महादजी त्याला भाऊ म्हणू लागले, त्याला फौज दिली, जहागीर दिली. 1788 मध्ये दिल्लीच्या बादशहाचे डोळे काढणाऱ्या गुलाम कादिराच्या पाठलागावर जी मराठी फौज गेली तिचा सेनापती हाच राणेखान होता. पखाल ते सरदारी हा प्रवास शब्दाच्या मूळ अर्थाला धरूनच झाला. खुद्द महादजींना बादशहाकडून वकील-इ-मुतलकचा मान मिळाला तरी ते स्वतःला पाटील म्हणवून घेत. चार पिढ्यांचे सरदार असणाऱ्यांना हे परवडले नसते.

1818 मध्ये पेशवाई संपली आणि सरदारांचे घोड्याशी असलेले नाते तुटले. इंग्रज कारभारी एल्फिन्स्टनला दक्षिणेतल्या मातब्बर घराण्यांना दुखवायचे नव्हते. त्यांच्याकडून फौज घ्यायची नव्हती आणि त्यांनी ती बाळगावी अशी तर मुळीच इच्छा नव्हती. मार्ग निघाला तो यादीचा. दख्खनच्या सरदारांचे पहिला, दुसरा आणि तिसरा असे वर्ग पाडले गेले. पुण्याला त्यांच्यासाठी खास एजंट नेमला, आणि त्यांचे दिवाणी दावे सामान्य कोर्टाऐवजी त्याच्यापुढे चालावेत अशी तरतूद 1827 च्या कायद्यात झाली. दरबारात कोणी कुठे बसायचे, कोणाला किती मान, हे यादीवरून ठरू लागले. ज्या सरदाराची घोडी पूर्वी गणतीला मोजली जात त्याची आता खुर्ची मोजली जाऊ लागली. 1852 च्या इनाम कमिशनने कागदपत्रे मागून कित्येक इनामे खालसा केली. तरी नावामागचे ‘सरदार’ राहिले, किंबहुना अधिक ठळक झाले. जमीन गेल्यावर नावच जपायचे असते.

या काळात शब्दाने आणखी एक वळण घेतले. पुण्यातले आबासाहेब मुजुमदार हे ‘सरदार’ म्हणून ओळखले जात, ते संगीताचे जाणकार आणि संग्राहक म्हणून. त्यांच्या घराण्याचे मूळ काम हिशेबाचे होते, मुजुमदारीचे. सरदारावर नजर ठेवणारा दरकदार शेवटी स्वतः सरदार झाला, आणि त्यात कोणाला विसंगती दिसली नाही, कारण तोवर ‘सरदार’ म्हणजे लढणारा हा अर्थ मागे पडून ‘जुन्या मोठ्या घरचा’ हा अर्थ पक्का झाला होता. मराठी कादंबऱ्या, नाटके आणि चित्रपटांनी हाच सरदार उचलला. फेटा, अंगरखा, पल्लेदार संवाद. तैनात जाबता रंगभूमीवर आणता येत नाही.

मराठीबाहेर मात्र शब्द आपल्या मूळ अर्थाने मजेत हिंडत होता. तुर्कांच्या साम्राज्यातून तो बाल्कनपर्यंत गेला आणि माँटेनेग्रोच्या डोंगरी टोळ्यांच्या म्होरक्यांना लागला. इजिप्तच्या फौजेचा इंग्रज सेनापती ‘सरदार’ म्हणवला जाई. किचनेर 1892 ते 1899 त्या पदावर होता. हिमालयात शेर्पांच्या मुकादमाला सरदार म्हणतात, आणि 1953 च्या एव्हरेस्ट मोहिमेत तेनझिंग नोर्गे तो होता. बारडोलीच्या सत्याग्रहानंतर, 1928 मध्ये, वल्लभभाई पटेलांना लोकांनी ‘सरदार’ केले तेही याच अर्थाने. शेतकरी त्यांच्या मागून चालले, म्हणून. पुण्याच्या यादीतला एकही वर्ग त्यासाठी लागला नाही.

स्वतंत्र भारतात राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने किताब बंद केले आणि 1952 च्या नियमांनी मुंबई राज्यातले सरंजाम व जहागिऱ्या सरकारजमा झाल्या. त्यानंतर महाराष्ट्रात ‘सरदार’ हा कायद्याचा शब्द राहिला नाही. तो आडनावात, वाड्याच्या पाटीवर आणि लग्नपत्रिकेत उरला.

पानिपतात त्याचे काय झाले ही गोष्ट निराळी. लढाईनंतर थोड्याच वर्षांत या भागात शिखांच्या मिसली आल्या आणि मिसलीचा प्रमुख तो सरदार. पुढे हा मान प्रमुखापुरता न राहता प्रत्येक शीख पुरुषाच्या नावापुढे आला, मराठीत ‘श्री’ लावतात तसा. 1947 च्या फाळणीत पानिपतची जुनी मुसलमान वस्ती गेली आणि पश्चिम पंजाबातून निर्वासित आले. आज पानिपतच्या बाजारात ‘सरदारजी’ म्हणून हाक मारली तर पगडीधारी शीख दुकानदार वळून पाहील. सिंधूपलीकडे बलुचिस्तानात मात्र टोळीचा वंशपरंपरागत मालक तोच सरदार. पानिपतचे युद्धकैदी तिकडे नेले गेले आणि आजचे बुगटी मराठे त्यांचे वंशज, अशी तिथली परंपरा सांगते. हरियाणातल्या रोड समाजातही आपण पानिपतावरून उरलेल्या मराठ्यांचे वारस, असा दावा केला जातो. इतिहासकारांचे त्यावर एकमत नाही, पण 14 जानेवारीला काला आंबच्या स्मारकापाशी महाराष्ट्रातून गेलेल्या लोकांबरोबर हा समाजही जमतो.

हरियाणवी बोलीत शब्दाला आणखी एक अर्थ आहे, आणि मराठी कानाला तो पहिल्यांदा चुकल्यासारखा वाटतो. तिथल्या गावात पंचायत बसली की बोलणारा उठून समोरच्यांना ‘सरदारी’ म्हणून संबोधतो. ‘गावची सरदारी’ म्हणजे कोणाचे पद नव्हे, कोणाचे घराणे नव्हे. चौपालीवर हुक्क्याभोवती जमलेले गावकरी, सगळे मिळून, ती सरदारी.